दावा नेमका केव्हा सुरू होतो?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतले एक शेजारी संध्याकाळी कागद घेऊन आले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका मित्राला हातउसने पैसे दिले होते, रीतसर लिहून घेऊन. मित्र आज देतो, उद्या देतो करत राहिला. आता तीन वर्षे पुरी व्हायला जेमतेम महिना उरला होता. शेजारी मात्र निर्धास्त होते. म्हणाले, "सर, वकिलाकडून रजिस्टर नोटीस पाठवली आहे. म्हणजे दावा सुरू झालाच की! आता मुदतीची काळजी नाही."

मी म्हटले, "बसा जरा. चहा घ्या."

मी वकील नाही. सगळी नोकरी मुलांना इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेली. पण हा एक प्रश्न मला चांगला माहीत आहे, कारण १९७२ साली तो आमच्या घरात दोन महिने मुक्कामाला होता. पुढे इतिहासाचा एक धडा शिकवताना तोच प्रश्न मला वेगळ्याच बाजूने भेटला. त्या दोन्ही गोष्टी आज एकत्र लिहून ठेवतो.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. दोन माणसांचे भांडण कोर्टात जाते तेव्हा बऱ्याच तारखा असतात. नोटीस पाठवल्याची एक तारीख. वकीलपत्रावर सही केल्याची दुसरी. वादपत्र कोर्टात दिल्याची तिसरी. कारकुनाने तपासून दाव्याला नंबर दिल्याची चौथी. समन्स निघाल्याची पाचवी, बेलिफाने ते प्रतिवादीच्या हातात दिल्याची सहावी, आणि दोघे न्यायाधीशांपुढे प्रथम उभे राहिल्याची सातवी. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत वर्षसुद्धा जाऊ शकते. आता कायद्याने म्हटले की तीन वर्षांच्या आत दावा आणा, तर यातली कोणती तारीख धरायची?

आपल्याकडच्या १९६३ च्या मुदत कायद्याने याचे उत्तर तिसऱ्या कलमात दिले आहे. वादपत्र कोर्टाच्या योग्य अधिकाऱ्याच्या हाती दिले, तो दिवस. त्याआधीच्या नोटिसा, वाटाघाटी, आश्वासने यांनी एरवी मुदत थांबत नाही. (सरकारवर दावा लावायचा असेल तर आधी नोटीस द्यावीच लागते, तो नोटिशीचा काळ मात्र वजा करून मिळतो.) नंबर केव्हा पडला, समन्स केव्हा पोचले, याचाही मुदतीशी संबंध नाही. मुदत उलटून गेल्यावर आलेला दावा कोर्टाने काढूनच टाकायचा आहे, मग प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढलेला असो वा नसो.

ऐकायला अगदी रुक्ष वाटते. पण या एका ओळीवर आमच्या आत्याचे म्हातारपण अवलंबून होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, मूलबाळ नाही. यजमानांच्या मागे राहिलेले अठराशे रुपये तिने १९६९ च्या मे महिन्यात सासरकडच्या एका नातेवाइकाला दिले. त्याला दुकान वाढवायचे होते. त्याने मागाल तेव्हा परत देण्याची वचनचिठ्ठी लिहून दिली, रेव्हेन्यू तिकिटावर सही केली. पहिले वर्षभर व्याज आले, तेही हातात, ना पावती ना नोंद. नंतर तेही थांबले.

आत्या हिशेब मनात ठेवणारी होती. तीन वर्षांत काहीतरी करावे लागते एवढे तिने कुणाकडून तरी ऐकले होते. पण तिचा काळ चाले तिथीने. चिठ्ठीवरही आधी वैशाख वद्यातली तिथी होती आणि खाली बारीक अक्षरात १० मे १९६९. तिच्या हिशेबाने तीन वर्षे १९७२ च्या वैशाख वद्यात भरत होती. त्या वर्षी अधिक वैशाख आल्यामुळे निज वैशाखाचा वद्य पक्ष थेट जूनमध्ये जात होता. म्हणून ती मेच्या चौथ्या आठवड्यात आमच्याकडे आली आणि वडिलांना म्हणाली, "अजून पंधरा दिवस आहेत, वकिलाला विचार."

वडील तिला आणि मला घेऊन तालुक्याच्या गावी वकिलांकडे गेले. मी नुकताच बी. ए. झालो होतो, नोकरी नव्हती, म्हणून कागदाची पिशवी माझ्याकडे. वकिलांनी चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचली आणि म्हणाले, "अक्का, कायदा अधिक महिना ओळखत नाही. तो इंग्रजी तारखेने चालतो. तुमची मुदत दहा मेला संपली."

आत्या काही बोलली नाही. पदर ओढून बसून राहिली. वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो.

वकिलांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले. "पण दहा मेला कोर्ट कुठे उघडं होतं? उन्हाळ्याची सुट्टी चालू आहे. मुदत सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा देता येतो. तो एकच दिवस. सोमवार, पाच जून. मंगळवारी आलात तर मी काही करू शकणार नाही."

तेव्हा मला कळले की मुदतीचा कायदा कठोर आहे, पण अडाणी नाही. ज्या दिवशी दारच बंद होते त्या दिवसाचा दोष तो माणसाच्या माथी मारत नाही. तसेच ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो पहिला दिवसही हिशेबात धरत नाही. चुकीच्या कोर्टात माणूस प्रामाणिकपणे आणि चिकाटीने लढत राहिला असेल, तर तो काळही वजा होतो. उशिराला सबळ कारण दाखवून माफी मात्र अपिलांना आणि बऱ्याच अर्जांना मिळते, मूळ दाव्याला मिळत नाही. दावा उशिरा आणला की संपले.

दुसरी अडचण पैशांची होती. दावा लावायचा तर कोर्ट फीचे स्टॅम्प लागतात, आणि आत्याकडे ते पैसे नव्हते. वडिलांकडेही नव्हते. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता आणि घरात जे काही होते ते धान्याला लागत होते. वकील म्हणाले, "मग नादारीचा अर्ज करू."

नादारी हा शब्द माझ्या पिढीला शाळेतून माहीत. गरिबाच्या मुलाला फी माफ होत असे, तिला नादारी म्हणत. मी स्वतः नादारीवर शिकलो. कोर्टातही तशीच सोय असते हे मला नवे होते. ज्याच्याकडे फी भरण्याइतकी ऐपत नाही त्याने तसा अर्ज करायचा, आपल्याजवळच्या चीजवस्तूंची यादी किमतीसह जोडायची. मग कोर्ट चौकशी करते, सरकारला आणि समोरच्याला नोटीस काढते, आणि खरेच नादार असेल तर फीशिवाय दावा चालवायला परवानगी देते. "यात सहा महिने, वर्षसुद्धा जाईल," वकील म्हणाले, "पण तुमचा दावा अर्ज दिला त्याच दिवसापासून धरतात. मात्र अर्ज तुम्ही स्वतः कोर्टात येऊन दिला पाहिजे."

आत्या उभ्या आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती. वडिलांनी विचारले, "मी दिला तर?" वकिलांनी मान हलवली.

ती यादी मीच लिहिली. तांब्याचा हंडा एक. पितळी पातेली दोन. लोखंडी पेटी एक. घोंगडी एक. वकील म्हणाले, अंगावरचे कपडे लिहायला नकोत. मग आत्या म्हणाली, "चांदीचा करंडा राहिला." तो तिच्या कुंकवाचा करंडा, किती वर्षे पेटीच्या तळाशी पडलेला. वडील म्हणाले, तो कशाला? ती म्हणाली, "आहे ना? मग लिही. खोटं नको."

पाच जूनला पहाटेच्या एस.टी.ने गेलो. ती सगळा वेळ कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. पुकारा झाला, आत गेली, न्यायाधीशांनी दोनचार प्रश्न विचारले, तिने उत्तरे दिली. वकिलांनी आणलेल्या दुसऱ्या प्रतीवर कारकुनाने तारखेचा शिक्का मारून ती आमच्याकडे परत दिली. तो कागद आज माझ्या कपाटात आहे.

त्या गोष्टीचा शेवट पुढे सांगतो. मध्ये इतिहासाकडे वळायला हवे, कारण मुदतीचा कायदा आमच्या भागाला नवा नव्हता.

पुढे शिक्षक झाल्यावर १८७५ चे दख्खनचे दंगे मी किती वर्गांना शिकवले याची गणती नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितली ती खतपत्रे आणि वह्या, आणि हाती लागली ती जाळली. माणसे मारायला ते आले नव्हते. लोण पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरले. त्याआधी १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकून सुरुवात केली होती. सुपे आमच्यापासून फार लांब नाही. माझे पणजोबा तेव्हा लहान असणार.

कारणे मुलांकडून पाठ करून घेत असू. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, उधारी आवळली. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. आणि यादीत शेवटी एक ओळ असे: मुदतीचा कायदा. मुले ती ओळ पाठ करत, मीही पुढे जात असे. एका वर्षी एका मुलाने विचारले, "सर, मुदत कमी केली तर कर्ज लवकर बुडणार. मग शेतकऱ्याचा फायदाच झाला ना?"

प्रश्न इतका सरळ होता की मला उत्तर आले नाही. म्हटले, उद्या सांगतो. त्या रात्री वाचत बसलो.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल असे ठरले. हेतू चांगला होता. वर्षानुवर्षे व्याज साचू देऊन मग एकदम शेतकऱ्याला गाठायचे, हे थांबावे. पण मुदतीची ही गोष्ट दोघांपैकी एकालाच नीट ठाऊक होती. सावकार तिसरे वर्ष सरत आले की दारात येई. म्हणे, एक तर नव्या खतावर अंगठा कर, नाहीतर मी उद्या कोर्टात जातो. शेतकरी अंगठा करी. जुने मुद्दल अधिक साचलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर हिशेब मांडला. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये सरळ व्याज. तीन वर्षांचे व्याज ७२ रुपये. एकच खत नऊ वर्षे चालले तर व्याज २१६, एकूण ३१६. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाने तर एका वेळी मुद्दलाइतकेच व्याज मागता येते, म्हणजे दोनशेच्या वर नाही. आता दर तीन वर्षांनी खत बदला. पहिल्या बदलाला १७२. दुसऱ्या बदलाला २९५ रुपये आणि वर काही. नऊ वर्षे पुरी होताना ५०८ रुपयांच्या वर! दामदुपट तशीच कागदावर राहिली, कारण प्रत्येक नव्या खतात व्याजच मुद्दल होऊन बसले. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता तो म्हणाला, "म्हणजे मुदत शेतकऱ्यासाठी होती, पण घड्याळ सावकाराकडे होतं."

मी त्याला त्या दिवशी वर्गाचे घड्याळ आणि आत्याची गोष्ट दोन्ही सांगितली. कारण मला तेव्हाच एक जाणवले होते, आणि ते थोडे अवघड होते. वादपत्र दिले त्या दिवशी दावा सुरू, हा नियम आत्याला तारणारा होता, कारण आत्या वादी होती. १८७५ च्या आधीचा कुणबी हा नेहमी प्रतिवादी. सावकार कोर्टात कागद देई, दावा मुदतीत बसे. शेतकऱ्याला मात्र ते कळायचे समन्स आले तर आणि तेव्हा. कोर्ट लांब, कामाचे दिवस, कागद वाचता येत नाही, वकील परवडत नाही. बरेच जण जातच नसत. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि बेलिफ जप्तीला आला की दावा आपल्यावर होता हे समजे. वादीच्या लेखी दावा ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी प्रतिवादी शेतात औत धरून असे.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. शाळेच्या पुस्तकात याला एक वाक्य मिळते. पण त्यातल्या तरतुदी पाहिल्या की कुणीतरी नेमके दुखणे ओळखले होते असे वाटते.

शेतकऱ्यावरचा दावा तो राहतो त्या भागातल्या कोर्टातच लावायचा. प्रतिवादीला बोलावून न्यायाधीशाने त्याची जबानी घ्यायची. खतावरचा आकडा खरा मानून थांबायचे नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशेब उकलायचा, आणि तोही सरळ व्याजाने. दावा लावण्याआधी सलोख्यासाठी नेमलेल्या माणसापुढे जायचे, आणि त्यात गेलेला वेळ मुदतीतून वगळायचा, म्हणजे समेटाच्या बोलण्यात वादीचाही हक्क बुडायला नको. आणि मुदत लांबवली: नोंदलेल्या खतांना बारा वर्षे, इतरांना सहा. म्हणजे दर तीन वर्षांनी नव्या खताचा तगादा लावायला निमित्तच उरू नये. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. शेतकऱ्याला आखूड मुदतीपेक्षा लांब मुदत सोयीची होती, कारण आखूड मुदतीचा फास सावकाराने उलटा फिरवला होता.

या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. ज्यांना ते फक्त समाजसुधारक म्हणून माहीत आहेत त्यांच्यासाठी एवढे सांगितले. कायद्याने सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यावर पुन्हा नवी उपाययोजना करावी लागली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हाही कोर्टकचेऱ्यांतले कागद शेतकऱ्याला नागवीतच होते.

आता आत्याकडे परत येतो.

नादारीच्या चौकशीला तो नातेवाईक वकिलासह हजर झाला आणि बाईंजवळ दागिने आहेत, पैसे पुरून ठेवले आहेत, असे सांगू लागला. न्यायाधीशांनी यादी पाहिली. करंड्यावर बोट ठेवून त्यांनी आत्याला काहीतरी विचारले, ते मला ऐकू आले नाही. दहा महिन्यांनी, १९७३ च्या एप्रिलमध्ये अर्ज मंजूर झाला आणि दाव्याला नंबर पडला.

लगेच समोरून मुद्दा आला. चिठ्ठी १९६९ ची, दाव्याचा नंबर १९७३ चा. चार वर्षे होत आली, दावा मुदतबाह्य! वडील पुन्हा घाबरले. आमच्या वकिलांनी पिशवीतून तो शिक्क्याचा कागद मागून घेतला. तिसऱ्या कलमात सरळ लिहिले आहे की नादाराच्या बाबतीत, नादार म्हणून दावा चालवण्याच्या परवानगीचा अर्ज केला त्या दिवशी दावा दाखल झाला असे धरावे. कोर्टाला चौकशीला दहा महिने लागले, हा काही आत्याचा दोष नव्हता. ती पाच जूनला येऊन गेली होती.

पुढे मी शोधले तर ही सोय १९६३ ची नवी नव्हती. १९०८ च्या मुदत कायद्यात होती, १८७७ च्या कायद्यातही होती. म्हणजे दख्खनचे दंगे नुकतेच होऊन गेले त्या काळात, कलकत्त्याला बसून कायदे लिहिणाऱ्या साहेबांनी एवढे लक्षात ठेवले होते की, गरिबाची परवानगी कोर्टात रेंगाळेल तोवर त्याचा हक्क मरता कामा नये. इंग्रजांच्या कायद्यांनी शेतकऱ्याचे काय केले हे मी आयुष्यभर शिकवले. हे वाक्यही त्यांचेच, म्हणून तेही सांगतो.

दावा आत्याच्या बाजूने लागला. पैसे हप्त्याहप्त्याने १९७६ पर्यंत आले. सरकारची न भरलेली कोर्ट फी त्या नातेवाइकाकडूनच वसूल झाली. आत्याने त्या पैशांतून घरावर पत्रे घातले, आणि उरलेले पोस्टात ठेवले. तिच्या अखेरच्या आजारपणात तिला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

सगळीकडे नियम असाच असतो असे समजू नका. अमेरिकेतले एक प्रकरण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने (तो आता वकील आहे) मला सांगितले. ओक्लाहोमा राज्यात एका सुताराला २२ ऑगस्ट १९७५ रोजी सिमेंटच्या भिंतीत खिळा ठोकताना डोळ्याला इजा झाली. दाव्याची मुदत दोन वर्षे. त्याने खिळे बनवणाऱ्या कंपनीवर १९ ऑगस्ट १९७७ रोजी, म्हणजे तीन दिवस आधी, संघराज्याच्या कोर्टात दावा दिला. त्या कोर्टांच्या नियमात कागद दिला की दावा सुरू असेच लिहिले आहे. पण राज्याच्या कायद्यात आणखी एक अट होती: दाव्याचे समन्स साठ दिवसांत प्रतिवादीला पोचले तरच दाखल केल्याची तारीख धरायची. समन्स पोचले १ डिसेंबरला. १९८० साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितले की इथे राज्याचा नियम लागू. सुताराचा दावा गेला.

मला त्या सुताराची हळहळ वाटते. पण ओक्लाहोमाच्या नियमामागचा विचारही सुप्याच्या शेतकऱ्याची आठवण करून देतो. ज्याच्यावर दावा आहे त्याला ते वेळेत कळले पाहिजे! आपल्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. वादीने आपल्या हातात आहे ते केले की त्याची मुदत सांभाळली. प्रतिवादीला कळवणे आणि त्याचे ऐकणे हे पुढचे, कोर्टाच्या जबाबदारीचे काम. माझ्या मते हे बरे आहे, पण दुसरे काम नीट झाले तरच. मात्र मागाहून एखाद्याला नव्याने प्रतिवादी केले, तर त्याच्यापुरता दावा त्याला सामील केले त्या दिवसापासून धरतात. (वादीची चूक प्रामाणिक असेल तर कोर्ट आधीची तारीख देऊ शकते.)

अलीकडे या साऱ्याची मोठी परीक्षा झाली ती करोनाच्या साथीत. कोर्टाची दारे तर बंदच, पण माणसे घराबाहेर पडू शकत नव्हती. २३ मार्च २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने स्वतःहून देशभरच्या मुदती थांबवल्या. शेवटी १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला, आणि ज्यांची मुदत त्या दरम्यान संपली त्यांना १ मार्च २०२२ पासून किमान ९० दिवस दिले. ती बातमी वाचताना मला आमच्या वकिलांचे टेबलावर ठेवलेले कॅलेंडर आठवले. दार बंद असेल तर दिवस मोजू नये, तेच तत्त्व.

असो. शेजाऱ्यांना मी हे एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, "नोटीस म्हणजे दावा नव्हे. उद्याच वकिलांकडे जा. मित्राने कर्ज कबूल असल्याचे मुदतीच्या आत लिहून सही करून दिले, तर तिथून नवी मुदत मिळते. नुसत्या तोंडी 'दिवाळीनंतर देतो'ला किंमत नाही. लिहून देत नसेल तर वादपत्र कोर्टात जाऊ द्या, आणि कोर्ट फी, प्रती, प्रतिज्ञापत्र सगळे जागच्या जागी आहे ना ते बघा." कागदात त्रुटी असतील तर दावा रीतसर दाखल झाला असे मानू नये, अशी तरतूद २००२ पासून दिवाणी संहितेत आली आहे. फी कमी पडली तर कोर्ट ती नंतर भरू देऊ शकते आणि मग दावा पहिल्याच दिवसाचा धरला जातो, पण ती कोर्टाची मर्जी. शेवटच्या दिवसापर्यंत थांबून मर्जीवर का जगावे?

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. दावा दाखल झाला होता. मोबाइलवर पोच दाखवली, तारीख स्पष्ट होती. म्हणाले, "पण सर, समन्स अजून निघालं नाही. तो बिनघोर फिरतोय."

मी म्हटले, "तुमचं काम झालं. पण त्याला तुम्ही स्वतः फोन करून सांगा, की दावा लावला आहे म्हणून."

"मी कशाला सांगू?"

"बेलिफाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. पूर्वी मित्र होता ना?"

ते जरा चिडले. चहा न घेताच गेले. काल जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, फोन केला. मित्र आधी भडकला, मग म्हणाला की रविवारी घरी येतो.